सात रस्त्याजवळचा भाड्याचा फ्लॅट: खोटी सांगितलेली पाण्याची टाकी आणि अडकवलेलं डिपॉझिट

मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या भाड्याची घरं दाखवणाऱ्या अ‍ॅपच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय आणि लगेच लिहायला बसलेय. आता फोनवर बोलणं बंद, जे काय ते लेखी. सात रस्त्याजवळचा टू बीएचके, भाडं १५ हजार, डिपॉझिट ४५ हजार आणि वर एक महिन्याचं भाडं तुमची सर्व्हिस फी. फोटो तुमच्या माणसानं काढले, माहितीही त्यानंच भरली, त्यामुळं बिल्डिंग कशी आहे ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. अ‍ॅपवर स्पष्ट लिहिलं होतं, "३० हजार लिटरची अंडरग्राउंड टाकी, बोअर, २४ तास पाणी". स्क्रीनशॉट सोबत जोडलेत.

माझं ऑफिस पार्क चौकात, पोरीचा क्लास नव्या पेठेत, सासूबाईंना गुडघ्यामुळं दवाखाना जवळ पाहिजे, म्हणून जुळे सोलापूरला कमी भाड्यात मोठा फ्लॅट मिळत असताना आम्ही इथं आलो. जास्तीचे पैसे दिले ते लोकेशनला आणि पाण्याला. सोलापुरात घर बघायला गेलेला माणूस बेडरूमच्या आधी हौद बघतो हो. मीही फ्लॅट दाखवायला आलेल्या तुमच्या माणसाला आधी तेच विचारलं होतं, तर तो म्हणाला हौदावर गाडी उभी आहे, झाकण उघडता येणार नाही, पण अ‍ॅपवर लिहिलंय ते व्हेरिफाय केलेलं असतं.

आता खरं काय ते ऐका. मागच्या महिन्यात हौद कोरडा पडला तेव्हा माझा भाऊ टेप घेऊन आत उतरला. सहा फूट लांब, सहा फूट रुंद, आठ फूट खोल. म्हणजे २८८ घनफूट, घनफुटाला २८ लिटर धरले तर आठ हजार लिटर. तळाशी बोटभर गाळ आणि कोपऱ्यात बोअरचा पाइप, नुसता कापून ठेवलेला, मोटारच नाही. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले बोअर केव्हाच आटलाय, मोटार काढून विकली. बिल्डिंगमध्ये १२ फ्लॅट, घरटी चार माणसं धरा. शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं असं सरकारच धरतं, त्या हिशोबानं रोजचे साडेसहा हजार लिटर झाले. नळाला पाणी सुटतं चार-पाच दिवसांनी. आठ हजार लिटर कुठवर पुरणार? दुसऱ्या दिवशी दुपारीच नळातून हवा यायला लागते. ३० हजार लिटरचा हौद खरंच असता तर माझी काहीच तक्रार नव्हती.

आणि आजचा फोन. कितीतरी वेळ म्युझिक ऐकवल्यावर तुमचे एक सीनियर म्हणवणारे आले. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, हौदाचं माप सांगितलं, बोअरचं सांगितलं. ते मध्येच म्हणाले, "मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या?" मी म्हटलं त्याचा काय संबंध? तर म्हणाले, "नाही, बाहेरून आलेल्या लोकांना माहीत नसतं, सोलापूरला पाणी रोज येत नाही, तो कॉर्पोरेशनचा इश्यू आहे." मी म्हटलं, साहेब, माझा जन्म साखर पेठेतला, पाणी येईल त्या रात्री आईबरोबर उठून घागरी, पिंप, बादल्या भरण्यात माझं लहानपण गेलंय, उजनी धरण भरलं तरी आमच्या नळाला पाणी रोज नसतं हे मला पुण्यात बसून तुम्ही शिकवू नका. यावर तो माणूस काय म्हणाला माहितीये? "मग तर तुम्हाला सवय असेलच की." आणि हसला. मॅनेजर साहेब, हसला तो. मी गप्पच झाले. माझ्या आईनं चाळीस वर्षं जे सोसलं ते मला सोसावं लागू नये म्हणून मी महिना १५ हजार मोजतेय, आणि तुम्ही मला सवय आहे म्हणून सांगता? फोन ठेवून दोन मिनिटं होत नाहीत तोवर मेसेज, "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, कृपया रेटिंग द्या." काय सोडवलंत? हौद मोठा झाला का?

पाणी रोज सोडा असं मी कधीच म्हटलेलं नाही. ते काम महापालिकेचं, त्यांच्याशी आम्ही भांडू. तुम्ही साठवणीबद्दल खोटं लिहिलंत, ही माझी तक्रार आहे, आणि ती प्रत्येक फोनवर सांगूनही तुमची माणसं पुन्हा कॉर्पोरेशनवरच येतात. टँकरचे पैसे आम्ही भाडेकरू वर्गणी काढून देतोय. सासूबाई अंघोळीला अर्धी बादली पुरवतात, बोलत नाहीत, पण मला दिसतं.

फ्लॅट सोडते म्हटलं तर म्हणे सहा महिन्यांच्या आत सोडला की एक महिन्याचं भाडं कापणार. कुठल्या करारावर? रजिस्ट्रेशनचे पैसे घेतलेत आणि हातात दिलात नोटरी केलेला कागद. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, वाचा. करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालकांना विचारलं तर त्यांना वाटत होतं तुम्ही नोंदणी केलीय. त्यांनाही फसवलंत.

नव्या पेठेतल्या एजंटाला ब्रोकरेज दिलं असतं तर तो निदान संध्याकाळी चहाच्या गाड्यावर सापडला असता, त्याला हाताला धरून हौदापाशी आणता आलं असतं. कंपनी आहे, सगळं लेखी असतं, म्हणून तुमच्यावर विश्वास ठेवला. फार वाईट वाटतंय मला याचं.

पंधरा दिवसांत पूर्ण डिपॉझिट, सर्व्हिस फी, रजिस्ट्रेशनचे पैसे आणि आमच्या वाटणीचा टँकरचा खर्च परत पाहिजे, एक रुपया न कापता. आणि अ‍ॅपवरची ती ३० हजार लिटरची ओळ आजच काढा, कारण शेजारचा फ्लॅट रिकामा आहे आणि काल एक नवीन लग्न झालेलं जोडपं तो बघून गेलंय. नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करेन आणि सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकेन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मी राहते तिथंच केस करता येते, पाच लाखांपर्यंतच्या केसला फी नाही, तेव्हा तारखांना पुण्याहून यावं लागेल ते तुम्हाला.

उत्तर ईमेलवर लेखी द्या. त्या माणसाला मला फोन करायला लावू नका.

सात रस्त्याच्या फ्लॅटमधली तुमची भाडेकरू
सोलापूर