स्कूटरच्या ट्रेलरबद्दल आई-बाबांना

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, तुमचं चित्र पाहिलं. पेटी झकास बेतली आहे, पण पेटीचं काम सगळ्यात शेवटी. आधी जोड ठरवा. दोन चाकांचा ट्रेलर सरळ उभा राहतो आणि स्कूटर मात्र वळताना कलते. म्हणून जोडाला तिन्ही मोकळिकी हव्यात: डावी-उजवी, वर-खाली आणि पिळाची. तुमच्या कडी-बोल्टात तिसरी नाही. वळणावर स्कूटर कलू पाहील आणि ट्रेलर तिला अडवेल.

प्रोपेलर शाफ्टचा (गाडीच्या मागच्या चाकांना फिरवणाऱ्या दांडीचा) छोटा क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा सांधा, पहिल्या दोन हालचाली देतो. पिळासाठी ट्रेलर ओढणाऱ्या दांड्याच्या टोकाला बुश (पोकळ नळी) वेल्ड करा आणि त्यात ग्रीस लावलेला १६ मिमीचा बोल्ट फिरता ठेवा. त्याला खाचेचा नट आणि खाचेतून बोल्टात आरपार जाणारी स्प्लिट पिन हवीच, साधा नट फिरत फिरत सुटतो. झालं की रिकामा ट्रेलर जोडून स्कूटर हातानेच दोन्हीकडे कलवा. ट्रेलरचं चाक उचललं गेलं तर जोड कुठेतरी अडतोय.

जोड चॅसीलाच बांधा. मागचं कॅरिअर बारीक बोल्टांवर असतं, ही ओढ त्याला झेपत नाही. उंची मागच्या चाकाच्या आसाइतकी ठेवा. जोड उंचावर असला की ब्रेक मारताच ट्रेलर वरून ढकलतो, मागचं चाक हलकं होऊन घसरतं. स्कूटरचं इंजिन चाकाबरोबर वर-खाली होतं, तेव्हा ब्रॅकेट त्याला घासत नाही ना, हे दोघांनी सीटवर बसून बघा.

सांगाड्याला २५ मिमी चौकोनी पाइप, २ मिमी जाडीचा. दांड्याला ४० मिमीचा, ३ मिमी जाड. दांडा पुढच्या पट्टीलाच चिकटवून सोडला तर तिथेच चीर जाते. तो खालून मागच्या पट्टीपर्यंत न्या आणि कोपऱ्यांना तिकोनी पत्रे जोडा.

आस मात्र वेल्ड करू नका, यू-बोल्टने आवळा, कारण तो सरकवावा लागणार आहे. जोडाच्या मध्यापासून दोन्ही चाकांचं अंतर सारखं हवं, ३ मिमीचा फरक चालेल. नाहीतर ट्रेलर तिरका चालतो आणि टायर खातो. आई, टेपचं दुसरं टोक तू धर, बाबांचं ‘नजरेला सरळ दिसतंय’ इथे चालायचं नाही.

मग माल भरा आणि दांड्याचं टोक जोडाच्या उंचीवर ठोकळा ठेवून वजनकाट्यावर टेकवा. एकूण ५० किलोला काट्यावर ५ च्या आसपास यायला हवेत. दोन-तीनच आले तर वेगात ट्रेलर शेपटी हलवतो, तेव्हा आस मागे सरकवा. फार जास्त आले तर स्कूटरचं पुढचं चाक हलकं होतं, मग आस पुढे घ्या. पन्नासच्या वर जाऊ नका, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत.

दिव्यांना अर्थची वेगळी तार ओढा, जोडातून घेतली तर ग्रीसमुळे दिवे लुकलुकतात. साखळ्या दोन, दांड्याखाली फुलीसारख्या.

अशा ट्रेलरला परवानगी आहे का, हे पाइप कापण्याआधी वाहन नोंदणी कार्यालयात विचारून घ्या. चालवताना शेपटी हललीच तर ब्रेक दाबू नका, थ्रॉटल हळूहळू सोडा. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. आई, तोवर तू मागे बसू नकोस.

तुमची लेक