डेल्फ्टहून, आबा आणि आईला

डेल्फ्ट, नेदरलँड्स
१६ नोव्हेंबर

ती. आबा आणि आई,
सा. न. वि. वि.

आज्जीला दंडवत. हे आबांच्या फोनवर पाठवतेय, प्रिंट त्यांनी स्वतःच काढून आणावी. फोनवर आबा "बरं हाय न्हवं?" एवढं विचारून फोन आईकडं देतात, आई "जेवलीस का"वरून थेट गल्लीतल्या बातम्यांवर जाते, आणि मला सांगायचं ते राहून जातं. आज्जीला कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवा. फक्त शेवटचं पान आधी तुम्ही दोघांनी वाचा.

आधी आईच्या काळज्या. मी बारीक झालेले नाही. कॉलवर खिडकीकडं पाठ करून बसते, त्यामुळं तोंड उतरल्यागत दिसतं. चटणी अजून आहे. दुसरा डबा पाठवू नका, कुरिअरच्या पैशात इथं कितीतरी दिवसांचा किराणा येतो. पाणी उकळून पीत नाही आणि तशी गरजही नाही. या देशात नळाच्या पाण्यात क्लोरीनसुद्धा घालत नाहीत, इतकं ते आधीच शुद्ध करून सोडतात. पावणेपाचला अंधार पडतो, म्हणून पोरगी रात्रीची एकटी हिंडते असं कुणी समजू नये. त्या अंधारात अख्खं कॉलेज सायकलीनं घरी जात असतं, आणि सायकलला दिवा नसला तर पोलीस दंड करतात. माझ्या सायकलीला दोन्ही दिवे आहेत.

आता मावशीनं पाठवलेलं ते रील, हा देश बुडणार म्हणणारं. हा देश समुद्राच्या खाली आहे हे खरं, पण सगळा नाही, साधारण २६ टक्के. मी उतरले तो शिफोल विमानतळही समुद्रसपाटीच्या खालीच आहे, आणि मी कोरडीच बाहेर पडले. १९५३ च्या फेब्रुवारीत वादळानं इथले बांध फुटले आणि १८३६ माणसं गेली. त्यानंतर या लोकांनी समुद्राच्या वाटा एकेक करून बांधून काढल्या. रॉटरडॅमच्या पुढं १९९७ साली पुरा झालेला एक दरवाजा आहे, मेसलांटकेरिंग नावाचा. दोन फळ्या, एकेक २१० मीटर लांब आणि २२ मीटर उंच, एरवी दोन काठांना उघड्या असतात. समुद्र चढणार असं दिसलं की कॉम्प्युटरच ठरवतो आणि त्या मधोमध येऊन मिटतात. आमची सहल गेली होती तिथं. सगळे बघत राहिले. मी शेजारच्या पोराला सांगितलं, आमच्या राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, तलाव भरला की पाण्याच्या जोरावर आपले आपण उघडतात, बटणही नाही आणि कॉम्प्युटरही नाही, आणि ते धरण शाहू महाराजांनी सुरू केलेलं आहे. त्याला पटेना. मग यूट्यूबवर दाखवलं.

शिवाय इथं पाण्याचं मंडळच वेगळं असतं. आमच्या भागातलं, डेल्फलंडचं, १२८९ पासूनचं आहे, म्हणजे आपल्याकडं देवगिरीला यादव होते तेव्हापासूनचं. बांध, पंप, सांडपाणी सगळं तेच बघतं, त्यासाठी वेगळा कर घेतं, आणि त्याची दर चार वर्षांनी निवडणूक होते. गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीएवढी चुरस नसते, पण लोक मत देतात. तेव्हा मावशीला सांगा, आम्ही इतक्यात बुडत नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून कळलेली नाही, ती म्हणजे इथला वाढदिवस. आज्जीसाठी नीट सांगते. गेल्या महिन्यात घरमालकीणबाईंच्या मुलीचा होता, मलाही बोलावलं. वेळ दोन ते चार. यायची वेळ असते तशी जायचीही असते. बैठकीत खुर्च्या गोल मांडलेल्या आणि सगळे भिंतीला पाठ लावून हळू आवाजात बोलत, मयताच्या घरी बसल्यागत. जिचा वाढदिवस तिला शुभेच्छा देऊन मी बसायला लागले, तर बाई कानात म्हणाल्या, बाकीच्यांचंही अभिनंदन करायचं असतं. कशाबद्दल? आईचं, मुलीचा वाढदिवस म्हणून. नवऱ्याचं, बायकोचा म्हणून. आजीचं, नातीचा म्हणून. शेजारणीचंसुद्धा. प्रत्येकासमोर थांबायचं, हात मिळवायचा, नातं सांगायचं, अभिनंदन म्हणायचं आणि पुढं सरकायचं. माझ्यानंतर जो आला त्यानं फिरत फिरत माझंही केलं. मी तिथं काय केलं होतं? भाडं देते, एवढंच. मग कॉफी आणि केकचा तुकडा. एक. दुसरा घ्या असं कुणी म्हणत नाही, आपणही हात पुढं करायचा नाही. पावणेचारला लोक उठायला लागले. जेवण नाही, "थांबा की" नाही. कॉलेजात तर ज्याचा वाढदिवस त्यानंच केक आणायचा. चौकात गॉगल लावलेल्या भाऊंचा डिजिटल फलक बघून मोठी झालेली मी, मला हे झेपत नाही. आणि खरा कहर पुढंच आहे. सगळ्या नातेवाइकांचे वाढदिवस लिहिलेलं कॅलेंडर कुठं टांगतात? संडासात. घरोघरी. त्यावर वार नसतात, साल नसतं, त्यामुळं तेच वर्षानुवर्षं चालतं. बसल्या बसल्या रोज नजर जाते आणि कुणाचा दिवस विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. आज्जी, तुझं नाव मी तिथं लिहू दिलेलं नाही.

आता अभ्यास. काकांनी दिवाळीच्या फोनवर विचारलं, "एन्व्हायर्नमेंटल म्हंजे झाडं लावायची व्हय?" त्यांना सांगा, झाडं नाहीत, बहुतेक वेळ गटार. इथं सिव्हिल आणि एन्व्हायर्नमेंटल असे दोन वेगळे मास्टर्स आहेत, दोन्ही दोन वर्षांचे, दोन्ही १२० क्रेडिटचे, एकाच फॅकल्टीत. पूल, बंधारे, समुद्राच्या भिंती, रस्ते तिकडं. पिण्याचं पाणी, सांडपाणी, कचरा, हवा इकडं. मी सिव्हिलची डिग्री घेऊन इकडं का आले, हे आबांनी कधी विचारलं नाही, पण विचारायचं होतं हे मला माहीत आहे. २०२१ च्या पुरात शहराला पाणी देणारा शिंगणापूरचा उपसा पाण्याखाली गेला आणि चारी बाजूंनी पाणी असताना आपण टँकरच्या रांगेत उभे होतो. पूर अडवणारे पुष्कळ आहेत. पूर आलेला असताना नळ आणि ड्रेनेज कसं चालू ठेवायचं, हे शिकायचं होतं.

शिकायला मिळतंय. जयंती नाल्याचं पाणी आपण उपसून बावड्याच्या सांडपाणी केंद्रात नेतो, तिथं जे जिवाणू मैला खातात तेच इथंही खातात. फक्त डेल्फ्टच्या लोकांनी त्या जिवाणूंचे बारीक कण तयार करायची युक्ती काढली. कण जड असतात, झटकन तळाला बसतात, म्हणून गाळ बसवायला मोठमोठ्या वेगळ्या टाक्या लागत नाहीत आणि जागा वाचते. हातात घेऊन बघितले मी ते कण. (हात धुतले, आई.)

गेल्या वर्षी सिव्हिलवाले आणि आम्ही मिळून एक विषय होता: मॉडेल, डेटा आणि अनिश्चितता. पहिल्याच तासाला सरांनी २०२१ च्या जुलैचा लिम्बुर्गचा पूर दाखवला. हा देशाचा दक्षिणेकडचा, जरा चढउताराचा भाग. १४-१५ जुलैला तिथली गावं पाण्यात गेली, आणि आठ-दहा दिवसांत आपली पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर. धोक्याची पातळी ४३. मी हात वर करून तेवढं सांगितलं, तर सरांनी मला फळ्याकडंच बोलावलं. मग केटी, म्हणजे आपला कोल्हापुरी पद्धतीचा, बंधारा काढून दाखवला. पहिला प्रश्न आला तो बरग्यांचा, म्हणजे पाणी अडवायला बंधाऱ्यात घालतात त्या फळ्यांचा: बरगे घातलेलेच आहेत आणि पाऊस लवकर आला तर? मी म्हटलं, माझे वडील पाटबंधारे खात्यात होते, ते बरगे काढायला रात्रीचेच जायचे. वर्ग हसला नाही. उलट एका डच पोरीनं सांगितलं, तिच्या गावात बांधातून रस्ता जातो तिथं खाचा ठेवल्यात आणि पाणी चढलं की त्यात लाकडी फळ्या घालतात. आबा, म्हणजे तुमचंच काम.

मार्कांवरून दादानं चिडवायचं बंद करावं. इथं दहापैकी देतात, सहाला पास, आणि दहा सहसा कुणाला पडत नाहीत. साडेसात म्हणजे चांगले असतात.

त्याच विषयातलं एक गणित आबांना सांगायचंय, कारण तो दोन गुंठ्यांचा प्लॉट माझ्या डोक्यातून जात नाही. एजंट म्हणतो, २०२१ ला पाणी गटारीच्या अलीकडं आलंच नाही, आणि तसला पूर शंभर वर्षांतून एकदा येतो. नकाशावरच्या दोन रेषा तुम्हाला माहीत आहेत, निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण "१०० वर्षांतून एकदा" याचा अर्थ एकदा आला की पुढची ९९ वर्षं निवांत, असा नाही. दर पावसाळ्याला तसा पूर यायची शक्यता शंभरात एक, एवढाच. आदल्या वर्षी येऊन गेला का, हे नदी बघत नाही. २०१९ नंतर २०२१ तुम्हीच बघितलाय. कर्ज २० वर्षांचं धरलं, तर लाल रेषेवरच्या घरात हप्ते फिटायच्या आत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता १८ टक्के होते. निळ्या रेषेवर ५६. दोन्हींच्या मधे असाल तर या दोन आकड्यांच्या मधे कुठंतरी. हा हिशेब जुन्या पावसावरचा, पाऊस वाढला तर आकडा वाढेल. डच सरकारनं बांधाआडच्या प्रत्येक माणसाचा पुरात मरायचा धोका वर्षाला लाखात एकाच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं ठरवलंय, आणि आपण एजंटच्या गटारीवर विसंबून इसार देतोय. सर्व्हे नंबर घेऊन पूररेषेचा नकाशा बघा, मगच बोला. मी शहाणपणा शिकवत नाही. पण मला एवढं शिकवायला तुम्ही घर तारण ठेवलंय, तर ते कुठंतरी उपयोगी पडू दे.

आता शेवटचं पान.

पुण्याच्या स्थळाचं आईनं विचारलंय. मुलाबद्दल माझं काही म्हणणं नाही, मी त्याला बघितलंही नाही. फेब्रुवारीत माझा प्रबंध सुरू होतो, तो होईपर्यंत हो म्हणणार नाही. त्यांना थांबायचं असेल तर थांबतील. आणि नाही, इथं कुणी नाही. आत्यानं ते डोक्यातून काढावं.

दादाच्या लग्नाची तारीख जानेवारीअखेर धरली, हे कळलं. वहिनीचा फोटो छान आला आहे. माझी परीक्षा त्याच आठवड्यात आहे, हे मी दादाला सांगितलं आणि त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं. पण तुम्हा दोघांना खरं ते सांगते. परीक्षा नंतर पुन्हा देता येते. अडचण ती नाही. आम्हाला आठवड्याला १६ तासच काम करता येतं, फक्त जून ते ऑगस्ट पूर्ण वेळ. उन्हाळ्यात मी आले नाही ते त्यासाठीच. त्यातून ६८,००० रुपये बाजूला पडले, उपाशी राहून नाही. जाऊन-येऊनचं तिकीट साधारण तेवढ्यालाच बसतं. आईच्या गहाण पाटल्याही तेवढ्यातच सुटतात.

पैसे काल आबांच्या खात्यावर पाठवलेत. पाटल्या सोडवून आणा. पोराच्या लग्नात आईनं नुसत्या काचेच्या बांगड्या घालून उभं राहायचं, हे मला चालणार नाही, आणि "कुणाच्या ध्यानात येतंय" असं आईनं म्हणू नये, मांडवात बायका दुसरं काय बघतात? बँकेत आबांनी स्वतः जावं, दादाला पाठवू नये, नाहीतर तो ते पैसे घेऊन माझं तिकीट काढेल. त्याला लग्न झाल्यावर सांगा.

करवली म्हणून काकांच्या धाकटीला उभी करा. ती हट्टी आहे, पण कऱ्हा नीट धरेल. हळदीला मला व्हिडिओवर घ्या. इथं तेव्हा सकाळ असेल, आपल्यात साडेचार तासांचा फरक आहे, तेव्हा भल्या पहाटे लावून मला झोपेतून उठवू नका. म्हणजे उठवा, चालेल.

माझ्यासाठी साडी घेऊ नका. घेणारच असाल, तर मोरपंखी नको, ती आहे माझ्याकडं.

तुमची धाकटी