चर्चमधला ऑर्गन भंगारात देऊ नका

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या भागातल्या एका जुन्या चर्चमधला पायानं वाजवायचा ऑर्गन कित्येक वर्षं मागच्या खोलीत सतरंज्यांखाली पडलाय आणि आता तो भंगारात देऊन कीबोर्ड घ्यायचं चाललंय, म्हणून हे पत्र. माझे वडील रेल्वेत होते, नाताळला तोच वाजवायचे, मी बाजूला उभा राहून पानं उलटायचो.

मुंबईच्या सेंट थॉमस कथीड्रलमधल्यासारखा पाइप ऑर्गन नाही हा. त्यात भात्याची हवा नळ्यांत शिरून बासरीसारखी बोलते, आमच्यात नळ्या नाहीत, पितळी रीड आहेत, म्हणजे हवेनं थरथरून सूर देणाऱ्या पातळ पट्ट्या. पॅडल मारलं की भाता आतली हवा ओढतो आणि बाहेरची हवा रीडवरून आत शिरते, हार्मोनियमचं बरोब्बर उलटं, आणि त्यामुळंच त्याचा आवाज एवढा मऊ. बालगंधर्वांच्या नाटकांत साथीला ऑर्गन असायचा, म्हणजे आपल्या कानाला तो काही परका नाही.

परवा मी मागची फळी काढून टॉर्च मारली. भात्याचं कापड घडीघडीवर फाटलंय, आतली बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, उंदरांनी खाल्लीय. एक रीड ओढून काढली, हिरवट चढलेली, मऊ ब्रशनं पुसली आणि तोंड लावून हवा ओढली तर असा स्वच्छ सूर आला की डोळ्यात पाणीच आलं! आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि मागून पावसाळ्याची ओल, त्यात चामडं तडकतं, लाकूड फुगतं, पण रीड टिकून राहते. म्हणजे जीव शाबूत आहे, फक्त भाता गेलाय.

दुरुस्ती करणाऱ्यांनी कृपा करून फेविकॉल लावू नये, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून करतात तो जुना सरसच वापरावा, तो पुढं गरम पाण्यानं सोडवता येतो, नाहीतर पुढच्या वेळी लाकूडच फोडावं लागेल. रीडवर कानस तर उगाच फिरवूच नये. टोकाला घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो आणि घासलेलं पितळ परत येत नाही. आणि वरून ऑइल पेंट मारू नका हो, ते जुनं लाकूड आहे.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडं कुणाकडं मोडक्या ऑर्गनच्या रीड पडून असतील किंवा पेटीचा भाता बसवणारा जुना कारागीर माहीत असेल तर आपल्या पेपरला कळवावं, तुम्ही ते छापलंत तर मी स्वतः जाऊन भेटेन. भात्याच्या कापडाचा खर्च मी देतो.

– एक वाचक, भुसावळ