आमच्या नमुन्यांचं उत्तर आमच्यापर्यंत येऊ द्या

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
स.न.वि.वि.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मी अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. घरातला एक माणूस कोरोना पॉझिटिव्ह आला की दोन-तीन दिवसांत अख्खं घर स्वॅबच्या रांगेत उभं राहायचं. पहिल्या लाटेत आम्ही असं पाहिलं नव्हतं. "मॅडम, हे काहीतरी वेगळंच आहे," असं आमच्याकडे पहिल्यांदा बोलला तो नमुन्यांची गाडी चालवणारा. त्याचं म्हणणं कळवायचं कुणाला, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग वरून निरोप आला, विषाणू बदललाय का हे पाहणाऱ्या जनुकीय तपासणीसाठी काही पॉझिटिव्ह नमुने काढा. सीटी (चाचणीच्या कितव्या फेरीत विषाणू दिसला तो आकडा) पंचविसाच्या आतले, म्हणजे विषाणू भरपूर असलेले नमुने आम्ही निवडले. फार विरळ नमुन्यातून जनुकक्रम, म्हणजे विषाणूच्या जनुकांमधल्या अक्षरांची ओळ, धड वाचता येत नाही. व्हीटीएमच्या (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवाच्या) नळ्या तीन थरांत गुंडाळल्या, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये बसवल्या. ओलाव्यानं मार्करचे आकडे पुसतात, म्हणून प्रत्येक नळीवर पारदर्शक टेप लावत रात्री अकरापर्यंत बसले होते. डबा गेला. त्या नमुन्यांत काय निघालं, हे आम्हाला आजतागायत कुणी कळवलेलं नाही.

२२ फेब्रुवारीपासून अमरावतीत टाळेबंदी लागली. २४ मार्चला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं जाहीर केलं की महाराष्ट्रातल्या पंधरा ते वीस टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर ही उत्परिवर्तनं, म्हणजे विषाणूच्या जनुकांतले बदल, आढळली आहेत. आम्हाला ते टीव्हीवरून कळलं. हे बदल असलेलं ते विषाणूचं बी.१.६१७ कूळ. त्याच्याच एका शाखेचं ३१ मे रोजी 'डेल्टा' असं बारसं झालं, तोवर देशभरातल्या स्मशानांत रांगा लागून गेल्या होत्या.

डिसेंबर २०२० मध्ये इन्साकॉग, म्हणजे कोरोनाचे जनुकक्रम वाचणारं प्रयोगशाळांचं राष्ट्रीय जाळं, उभं राहिलं ते दहा प्रयोगशाळांच्या बळावर. त्यातल्या महाराष्ट्रातल्या दोन, एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) आणि एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र), दोन्ही पुण्यात. तिथली माणसं रात्रंदिवस राबली, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण पाच टक्के पॉझिटिव्ह नमुने वाचायचे ठरले होते. जानेवारीपासून २४ मार्चपर्यंत देशात चौदा लाखांवर नवे रुग्ण नोंदले गेले. त्याचे पाच टक्के सत्तर हजारांच्या घरात जातात. त्या दिवशीच्या निवेदनात राज्यांकडून आलेल्या नमुन्यांचा आकडा होता १०,७८७. विषाणू मेळघाटच्या पायथ्याशी बदलत असेल आणि त्याला वाचणारं यंत्र सहाशे किलोमीटरवर असेल, तर उशीर होणारच.

गरीब मुलखाला हे जमत नाही, असं कृपा करून कुणी म्हणू नये. २०१५ मध्ये गिनीत इबोलाची साथ चालू असताना हाताच्या पंजात मावणारं यंत्र विमानाच्या सामानातून नेलं गेलं, आणि नमुना हाती आल्यापासून चोवीस तासांच्या आत जनुकक्रम मिळू लागला. नोव्हेंबर २०२१ मध्ये बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेतल्या शास्त्रज्ञांनी कोरोनाचा नवा प्रकार ओळखला. २५ तारखेला दक्षिण आफ्रिकेनं तो जगापुढे मांडला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला 'ओमिक्रॉन' नाव मिळालं. खरं बोलल्याबद्दल त्यांच्या वाट्याला विमानबंदी आली, हा अन्याय होता. आपल्याकडेही एखाद्या जिल्ह्यानं 'आमच्याकडे वेगळं दिसतंय' म्हटलं, तर त्याच्या नावानं बोटं मोडली जाऊ नयेत. ती हमी शासनानं आधीच द्यायला हवी, नाहीतर लोक गप्प बसतील.

अकोला आणि यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे जनुकक्रम वाचणारी अशी लहान यंत्रं बसवावीत. मोठं यंत्र परवडावं म्हणून शेकडो नमुने साठेपर्यंत थांबावं लागतं. लहान यंत्रावर वीस-पंचवीस नमुन्यांचंही काम होतं. रसायनांसाठी दरवर्षीची तरतूद आणि उणे वीस अंशांचा, वीज गेली तरी टिकणारा फ्रीजर द्यावा. यंत्राचं उद्घाटन होतं आणि पुढच्या वर्षी किट येत नाही, हे आम्ही फार पाहिलंय.

आणि माणसं कायम ठेवावीत. माझ्यासोबत कंत्राटावर एक मुलगा होता. त्याच्या हाताला नमुन्यातून आरएनए (विषाणूचं जनुकीय द्रव्य) वेगळा काढण्याचं असं वळण होतं की नळी पाहून सांगायचा, ही परत करावी लागेल. साथ ओसरली, कंत्राट संपलं. आता तो मोबाइलच्या दुकानात बसतो. पुढच्या साथीत त्याच्या जागी येणाऱ्याला आम्ही पुन्हा पिपेट धरायला शिकवणार का?

एवढं सगळं लगेच होणार नसेल, तर एक गोष्ट मात्र याच महिन्यात करता येईल. नमुना कुठल्याही तालुक्यातून जावो, त्याचा जनुकीय अहवाल ठरलेल्या दिवसांत त्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे आणि तिथल्या प्रयोगशाळेकडे परत यावा, असा शासन आदेश काढावा. आमच्या जुन्या नोंदवहीत 'जनुकीय अहवाल' असा रकाना मी पट्टीनं आखला होता. तो अजून कोरा आहे. त्या नमुन्यांचे क्रमांक आपल्या कार्यालयात द्यायला मी स्वतः यायला तयार आहे.

आपली नम्र,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, अमरावती जिल्हा