साउथ माउंटनवर धावून आलेल्यांचे आभार

फिनिक्सच्या साउथ माउंटन पार्कात रविवारी सकाळी आमच्या मोतीला रॅटलस्नेक (शेपटीने खुळखुळा वाजवणारा विषारी साप) चावला. तेव्हा मदतीला धावलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. नावं विचारायचं भानच राहिलं नाही.

सगळ्यात आधी त्या हिरव्या टोपीवाल्या आजी. सापाने खुळखुळा वाजवलाच नव्हता (तो दर वेळी वाजवतोच असं नाही), आणि मोतीने सवयीने झुडपात नाक खुपसलं. कुत्र्यांना चावा बहुधा तोंडावर बसतो तो असाच. कुणी म्हणालं बर्फ लावा, कुणी म्हणालं जखमेला चीर देऊन विष काढा. आजींनी दोघांनाही गप्प केलं आणि पहिल्यांदा मोतीचा पट्टा सोडला. सूज मानेपर्यंत उतरते, गळा आवळला जातो, म्हणाल्या. गाडीत बसेपर्यंत त्याचा ओठ पावासारखा फुगला होता.

त्याला पायी चालवायचं नाही म्हणून स्वतःच्या जॅकेटची झोळी करून खाली आणणारे दोघे तरुण, तुमचेही आभार. आमचं मराठी ऐकून थांबलेल्या ताईंनी धडाधड फोन लावले. इथे प्राण्यांच्या प्रत्येक दवाखान्यात अँटिव्हेनम (सापाच्या विषावरचं औषध) नसतं, हे आधी विचारून घेतलं म्हणूनच वेळ वाचला. आणि वाटेवर उभं राहून सापाला दगड मारू न देणारे काका! घोणशीच्या कुळातलाच तो, पण डोंगर त्याचाच.

मोती आता जेवतोय. निळं जॅकेट धुऊन ठेवलंय. ताई, त्या मुलांशी ओळख असेल तर कळवा.