‘आत्ता नको’ आणि ‘आता करा’: एका रेडिओलॉजिस्ट मॅडमना पत्र

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं नाव या पत्रात मुद्दामच घातलेलं नाही. तरी पत्र चारचौघांसमोर ठेवते आहे, कारण तुम्ही आम्हाला जे समजावलंत ते मेलानोमाचा, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरचा, रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या कुठल्याही घराच्या कामी येईल, असं मला मनापासून वाटतं.

आईच्या टाचेजवळच्या काळ्या डागाची बायोप्सी झाली. रिपोर्टमध्ये होतं: मेलानोमा, जाडी 2.6 मिलिमीटर, वर व्रण नाही. सर्जननी ऑपरेशन ठरवलं आणि त्याआधी जांघेच्या सोनोग्राफीसाठी आम्हाला तुमच्याकडे पाठवलं. घरात तोवर एकच सूर लागला होता. आधी सगळ्या अंगाचा पेट-सीटी स्कॅन करून घ्या, काय कुठवर गेलंय ते कळू दे, मगच ऑपरेशन. भाऊ, वहिनी, आत्या, फोनवरचे नातेवाईक, सगळे तेच म्हणत होते. त्यात आईवरची मायाच होती. कॅन्सर म्हटला की माणसाला सगळं एकदम दिसायला हवं असतं.

तुम्ही सोनोग्राफी केलीत, जांघेतल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) एकेक करून पाहिल्यात, गुडघ्याच्या मागेही पाहिलंत. मग जेल पुसायला आईला कागद दिलात आणि तिच्याशी बोलायला बसलात. डोकं सारखं दुखतं का, नजरेत काही फरक, खोकला, हाडांत दुखणं, प्रयत्न न करता उतरलेलं वजन. आईने सगळ्याला नाही म्हटलं. आमचा पेट-सीटीचा हट्ट ऐकून घेतलात आणि मला विचारलंत, “समजा पेट अगदी स्वच्छ आला. मग सर्जन सेंटिनेल नोडची, म्हणजे आजार पसरताना सगळ्यात आधी जिथे पोचतो त्या ग्रंथीची, तपासणी सोडून देतील का?” मला उत्तर येत नव्हतं. तुम्हीच सांगितलंत, “नाही सोडणार, आणि सोडूही नये. मग आत्ता त्या स्कॅनवरून ठरवणार काय?”

मॅडम, ज्यांचं आयुष्य स्कॅन वाचण्यात गेलं त्या व्यक्तीकडून हा प्रश्न आला, म्हणून तो आमच्या डोक्यात शिरला. दुसऱ्या कुणी विचारला असता तर टाळाटाळ वाटली असती.

पेटमध्ये आजार कशाने दिसतो हे तुम्ही सांगितलंत. किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात, जिथे पेशी ती अधाशासारखी ओढून घेतात तिथे ठिपका उमटतो. पण ठिपका उमटायला तेवढ्या पेशी एका जागी जमाव्या लागतात. “रात्री डोंगरावरून गाव दिसतं ते दिव्यांच्या घोळक्यामुळे. एकाच घरात पणती असेल तर नाही दिसत,” असं म्हणालात. मेलानोमा लसिका ग्रंथीत पहिल्यांदा शिरतो तेव्हा त्याचा कण बऱ्याचदा एक मिलिमीटरही नसतो. तो ग्रंथी काढून, तिचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखालीच सापडतो. म्हणजे स्वच्छ पेट आम्हाला नुसता धीर देऊन गेला असता, आणि तोही खोटा.

उलट बाजूही सांगितलीत, आणि ती मला जास्त भिडली. स्कॅन रिकामा क्वचितच येतो. फुप्फुसात जुन्या संसर्गाची छोटी गाठ, यकृतात पाण्याची पुटकुळी, थायरॉइडमध्ये काहीतरी. बहुतेक वेळा निरुपद्रवी, पण एकदा कागदावर आलं की त्याचा माग काढावा लागतो. पुन्हा स्कॅन, कदाचित सुई, कदाचित आणखी एक डॉक्टर. तोवर टाचेतला खराखुरा मेलानोमा तिथेच बसून असतो. ज्या टप्प्यात पसरलेला आजार सापडण्याची शक्यता फार कमी असते, त्या टप्प्यात स्कॅनमधून खऱ्यापेक्षा खोट्या भीतीच जास्त निघतात. हे इतक्या स्पष्टपणे आम्हाला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही सरसकट ‘स्कॅन नको’ म्हणाला नाहीत, हे इथे ठळकपणे लिहायला हवं, नाहीतर कुणीतरी अर्धंच वाचून जाईल. जांघेत हाताला गाठ लागली असती, किंवा सोनोग्राफीत एखादी ग्रंथी संशयास्पद दिसली असती, तर आधी सुईने तपासणी, मग पूर्ण स्कॅन आणि ऑपरेशन त्यानंतर, असं तुम्ही म्हणालात. आईला सतत डोकेदुखी असती तर मेंदूचा एमआरआय लगेच. जाडी 4 मिलिमीटरच्या वर असती आणि व्रणही असता, तर ऑपरेशनआधी स्कॅन करून घेणारे बरेच डॉक्टर आहेत आणि त्यांचं चुकत नाही.

हाताला लागणाऱ्या गाठींच्या बाबतीत तर अलीकडे क्रमच बदलला आहे, हे मी नंतर वाचलं. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एस1801 या चाचणीत काही रुग्णांना पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या) औषधाचे 3 डोस ऑपरेशनच्या आधी आणि उरलेले नंतर दिले, तर बाकीच्यांना सगळे डोस ऑपरेशननंतर दिले. औषध तेच, डोस तेवढेच. 2 वर्षांनी आजार न वाढता, न उलटता राहिलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात 72 टक्के होतं, दुसऱ्यात 49 टक्के. 2024 च्या नाडिना चाचणीने दोन औषधं मिळून ऑपरेशनआधी देण्याची बाजू आणखी भक्कम केली. अशा रुग्णाने स्कॅन न करता आधी ऑपरेशन उरकलं, तर ही संधीच हातची जाते. आईच्या बाबतीत ‘आत्ता नको’ म्हणायला जो प्रश्न तुम्ही वापरलात, तोच प्रश्न तिथे ‘आधी करा’ असं उत्तर देतो.

आणि एका चित्रासाठी तुम्ही हटूनच बसलात, ते म्हणजे लसिका मार्गांचा नकाशा. टाचेवर डागाभोवती टेक्निशियम या किरणोत्सारी द्रव्याचं इंजेक्शन देऊन तो द्रव कुठल्या ग्रंथीकडे जातो ते कॅमेऱ्याने पाहायचं. तळपायाचा निचरा बहुतेक वेळा जांघेकडे होतो, पण कधीकधी पहिली ग्रंथी गुडघ्याच्या मागे असते, आणि ती शोधली नाही तर राहून जाते. डोनाल्ड मॉर्टन यांनी 1992 मध्ये मांडलेली ही सेंटिनेल नोडची पद्धत डाग रुंद कापण्याच्या ऑपरेशनबरोबरच करायची, कारण आधी टाचेची कातडी मोठी काढून तिथे दुसरी लावली की मूळ वाटाच बदलतात. हे सगळं तुम्ही आमच्यासमोर सर्जनना फोन करून बोललात. त्यांचंही तेच मत होतं. दोन डॉक्टर एकमेकांशी बोलताना ऐकणं याने घरच्यांना किती बळ येतं, ते मी शब्दांत नाही सांगू शकत.

ऑपरेशन झालं. कडेची निरोगी कातडी 2 सेंटिमीटर घेतली. जांघेतल्या एका ग्रंथीत सूक्ष्म कण सापडले. दुसऱ्या टप्प्यातला वाटणारा आजार तिसऱ्या टप्प्यात गेला. मी तुम्हाला फोन केला तेव्हा पलीकडे तुम्ही क्षणभर थांबलात, आणि म्हणालात, “आता स्कॅन करायचा.”

कारण आता उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून होतं. दूरवर काही नसेल तर आजार उलटू नये म्हणून इम्युनोथेरपी. दूरवर काही असेल तर औषधांची निवड, हेतू, सगळं वेगळं. शिवाय उपचार सुरू होण्याआधीचं एक चित्र हाताशी असलं की पुढच्या प्रत्येक चित्राला तुलना मिळते. तुम्ही वेळही नीट बसवून दिलीत. टाके ताजे असताना पेट केला तर भरणारी जखमसुद्धा साखर ओढते आणि टाच-जांघ दोन्ही उजळतात. फार थांबलं तर औषध लांबतं, आणि ज्या मोठ्या चाचण्यांवर ही थेरपी उभी आहे त्यांत ती ऑपरेशननंतर साधारण 12-13 आठवड्यांच्या आत सुरू केली होती. मधली वेळ तुम्ही, सर्जन आणि औषधोपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मिळून ठरवलीत.

मग त्या स्कॅनच्या चिठ्ठीवर काय काय लिहून घ्यायचं ते तुम्ही मला लिहून दिलंत. तो कागद मी जपून ठेवलाय. ऑपरेशनची तारीख आणि जागा. जांघेत छेद कुठल्या बाजूला. गेल्या काही आठवड्यांत लस घेतली असेल तर कुठल्या दंडात, कारण लशीनेही काखेतल्या ग्रंथी उजळतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ‘डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत’. नेहमीचा पेट-सीटी कवटीच्या तळापासून मांडीच्या मध्यापर्यंतच घेतात, हे आम्हाला कुठून माहीत असणार? टाचेच्या मेलानोमात जांघेपर्यंतच्या वाटेवर कातडीखाली गाठी होऊ शकतात, आणि नेमका तोच पाय चित्राबाहेर राहिला असता. तुमची ती एक ओळ मी आता मेलानोमाच्या प्रत्येक रुग्णाला सांगते.

मेंदूसाठी एमआरआय वेगळा का, हेही आईला पटेल असं सांगितलंत. मेंदू स्वतःच इतकी साखर खातो की पेटमध्ये तो सगळाच उजळलेला असतो, त्यात लहान डाग हरवून जातो.

दोन्ही रिपोर्ट चांगले आले. आईने तुम्हाला विचारलं, “म्हणजे मी सुटले ना?” तुम्ही तिचा हात धरून म्हणालात, “दिसण्याएवढं कुठे काही नाही, आई. न दिसणारं काही असेल तर त्याच्यासाठी औषध आहे.” तिला खोटी आशा दाखवली नाहीत, आणि घाबरवलंही नाहीत. रुग्णाशी असं खरं बोलणं किती अवघड असतं, ते मी त्या दिवशी पाहिलं.

जांघेतल्या उरलेल्या ग्रंथी काढायच्या का, हा प्रश्न राहिला होता. सर्जननी एमएसएलटी-2 या चाचणीचा आधार दिला. 2017 मध्ये तिचे निष्कर्ष आले. सगळ्या ग्रंथी काढलेले आणि सोनोग्राफीने नुसतं लक्ष ठेवलेले, दोन्ही गटांत 3 वर्षांनी मेलानोमामुळे न दगावलेल्यांचं प्रमाण 86 टक्केच होतं. हातापायाची सूज मात्र पहिल्या गटात 24 टक्क्यांना, दुसऱ्यात 6 टक्क्यांना. आईने लक्ष ठेवण्याचा मार्ग निवडला. त्या चाचणीतल्यासारखीच पहिली 2 वर्षं दर 4 महिन्यांनी, मग पाचव्या वर्षापर्यंत दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी. हे काम तुम्ही स्वतःकडे घेतलंत. सोनोग्राफीत रेडिएशन नाही, आणि तोच हात, तेच डोळे दरवेळी त्याच ग्रंथी पाहतात, याचं मोल मला कळतं.

इम्युनोथेरपी चालू असताना छातीतल्या ग्रंथी कधी कधी औषधामुळेच सुजतात आणि स्कॅनमध्ये आजारासारख्या दिसतात, असा इशाराही तुम्ही आधीच देऊन ठेवलात. पुढे एका रिपोर्टमध्ये अगदी तेच आलं. घरात कुणी रडलं नाही. औषधोपचाराच्या डॉक्टरांनी थोड्या अंतराने पुन्हा चित्र घेतलं, ग्रंथी ओसरल्या होत्या. तुम्ही आधी सांगितलं नसतंत तर तो मधला काळ आईने कसा काढला असता, हे मला कल्पवत नाही.

आता दर काही महिन्यांचा सीटी ठरलेला आहे. तो का आणि कधीपर्यंत, हे तिन्ही डॉक्टरांशी बोलून वहीत लिहून ठेवलंय. आई स्वतः महिन्यातून एकदा दोन्ही तळपाय, नखं आणि जखमेची कड उजेडात पाहते, पाठ मी पाहते, आणि जांघ चाचपायला तुम्ही शिकवलंत तशी चाचपते. दोन भेटींच्या मध्ये नवीन काही हाताला लागलं तर तारखेची वाट न पाहता फोन करायचा, हेही तुमचंच सांगणं.

मॅडम, तुमच्या बाहेरच्या बाकावर त्या दिवशी आमच्यामागे कितीतरी माणसं थांबली होती. तरी एका न केलेल्या स्कॅनसाठी तुम्ही आम्हाला एवढा वेळ दिलात. त्याबद्दल आम्ही सगळे तुमचे ऋणी आहोत. पुढच्या सोनोग्राफीला आईबरोबर भाऊही येणार आहे, त्याला तुम्हाला भेटून हे स्वतः सांगायचंय.

आईने तुम्हाला नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्ही कळवायला सांगितलेत.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
तुमच्या एका रुग्णाची मुलगी