खिडकीचा फोटो सुताराला वाचता यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात वाचकांनी पाठवलेले पुण्यातल्या जुन्या वाड्यांचे फोटो अधूनमधून येतात. त्यांत खिडक्यांचा भरणा जास्त असतो आणि ते साहजिक आहे. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव अशा पेठांत वाडा पाडायला काढला की दारं-खिडक्यांना लगेच गिऱ्हाईक मिळतं. चौकट एकीकडे जाते, झडपा दुसरीकडे, गज भंगारात. मागे उरतो तो फोटो. पण छापून येणारे बहुतेक फोटो बघून खिडकी किती रुंद होती, गज लाकडी होते की लोखंडी, झडप बिजागरीवर फिरत होती की लाकडाच्याच टोकावर, यातलं काही कळत नाही. दिसतो तो भडक केलेला पिवळा उजेड आणि वर निमुळती होत गेलेली चौकट.

आमचं म्हणणं एवढंच, की फोटोवरून कसबी सुताराला तीच खिडकी पुन्हा करता आली पाहिजे. असा फोटो बहुधा देखणाही होतो. नाही झाला तरी बिघडत नाही.

आधी निमुळतेपणाचं बघू, कारण दहातले आठ फोटो तिथेच फसतात. खाली बोळात उभं राहून मोबाइल वर केला की कॅमेऱ्याच्या आतला सेन्सर आणि भिंत समांतर राहत नाहीत. चौकटीचा माथा उंबऱ्यापेक्षा लांब पडतो, म्हणून लहान दिसतो. उपाय जुनाच आहे: कॅमेरा ओळंब्यात सरळ धरायचा, वर करायचा नाही, आणि लांब जायचं. फुल-फ्रेम (36 × 24 मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 35 मिमीची लेन्स लावून कॅमेरा उभा धरला आणि भिंतीपासून 40 फुटांवर उभं राहिलं, तर लेन्सच्या उंचीच्या वर सुमारे 20 फुटांपर्यंतची भिंत मावते. लेन्स जमिनीपासून 5 फुटांवर असेल तर 25 फुटांपर्यंत, म्हणजे दुसऱ्या मजल्याची खिडकी बऱ्याचदा आत येते. खालच्या अर्ध्या भागात रस्ता, स्कूटर आणि पाण्याची टाकी येईल. तो भाग नंतर कापून टाकायचा. कॅमेरा न झुकवता वरचा भाग दाखवणाऱ्या महागड्या शिफ्ट लेन्सचं काम असं फुकटात होतं, फक्त निम्मे पिक्सेल खर्ची पडतात.

पेठेतल्या बोळात 40 फूट मिळणार कुठून, हा प्रश्न रास्त आहे. 15 फुटी बोळात तीच लेन्स जमिनीपासून जेमतेम पावणेतेरा फुटांपर्यंत पोचते, म्हणजे पहिल्या मजल्याच्या खिडकीचा खालचा भाग. अशा वेळी समोरच्या घराचा जिना किंवा गच्ची गाठावी, अर्थात विचारून. त्या खिडकीच्या उंचीला आपण पोचलो की अर्धं काम झालं. तेही जमत नसेल तर कॅमेरा थोडा वर करून काढावा, चारी बाजूंनी भरपूर जागा सोडावी आणि संगणकावर उभ्या रेषा सरळ कराव्यात. जागा सोडायची ती यासाठी, की रेषा सरळ करताना चित्राच्या कडा कापल्या जातात. चौकट कडेला चिकटवून काढली असेल तर तिची टोकं त्यात जातात. मोबाइलची अतिरुंद लेन्स मात्र टाळावी. तिच्यात कडेचे गज ताणून जाड दिसतात आणि मधले बारीक.

सरळ करण्याच्या भरात एक चूक सर्रास होते. जुन्या वाड्याची चौकट मुळात काटकोनात नसतेच. भिंत फुगलेली असते, तुळई दबलेली असते, एखादा कोपरा इंच-दीड इंच खाली बसलेला असतो. संगणकावर चारही कोपरे ओढून आयत केला की हा सगळा इतिहास पुसला जातो. दोष कोणाचा ते ओळखणं सोपं आहे. दोन्ही उभ्या बाजू सारख्याच आत झुकल्या असतील तर कॅमेरा वर झाला होता. एकच बाजू किंवा एकच कोपरा हललेला असेल तर ते लाकूडच बसलेलं आहे. त्याला हात लावू नये. म्हणूनच कॅमेरा चौकटीकडे बघून सरळ करू नये, त्याच्या स्क्रीनवरच्या लेव्हलवर करावा.

आता उजेड. कोरीवकाम दिसायचं तर ऊन भिंतीला जवळजवळ घासून यायला हवं. समोरून पडलेल्या उन्हात वेलबुट्टी सपाट होते. पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीला असा तिरपा उजेड सकाळी आठला मिळत नाही, अकराच्या पुढे मिळतो. पश्चिमेच्या भिंतीला दुपारी एक-दीडच्या सुमारास. दक्षिणेच्या भिंतीचं गणित छज्जावर अवलंबून असतं. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य 48 अंशांवर असतो आणि दीड फुटी छज्जाची सावली खाली सुमारे 20 इंच उतरते. उरलेली खिडकी उन्हात. एप्रिलच्या मध्यावर सूर्य 81 अंशांवर जातो आणि त्याच छज्जाची सावली साडेनऊ फूट लांबते. म्हणजे संपूर्ण खिडकी अंधारात आणि छज्जाची कड तेवढी झगझगीत. उन्हाळ्यात दक्षिणेची खिडकी दुपारी काढायला जाणं म्हणजे निव्वळ पायपीट. उलट उत्तरेकडच्या ज्या खिडक्यांना हिवाळाभर ऊन दिसत नाही, त्यांना मे महिन्यात सकाळी सात ते नऊ या वेळात अगदी हवा तसा घासून जाणारा उजेड मिळतो. पुढे पावसाळ्याचे ढग येतात आणि ती संधी जाते. पावसाळी उजेड रंगासाठी उत्तम, भिजलेलं सागवान तेव्हा खुलतं. पण नक्षी सपाटच राहते.

पांढऱ्या चुन्याच्या भिंतीतली काळी खिडकी कॅमेऱ्याच्या मीटरला हमखास चकवते. चित्रात भिंत जास्त असेल तर कॅमेरा तिला राखाडी करू बघतो आणि लाकूड काळा गोळा होतं; तिथे एक्स्पोजर (आत घेतला जाणारा उजेड) अधिक दोन-तृतीयांश ते अधिक एक स्टॉप ठेवावं; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. खिडकीच चित्रभर असेल तर उलट, म्हणजे उणे दोन-तृतीयांश. जमल्यास रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल घ्यावी. कोरीव लाकडावर पिढ्यान्‌पिढ्या ऑइलपेंटचे थर चढवलेले असतात (हिरवा आणि चॉकलेटी, हे जणू पेठांचे अधिकृत रंग). त्या थरांवर आभाळाची चमक बसते आणि नक्षी धुऊन निघते. पोलरायझर (लेन्सवरचा चमक कापणारा फिल्टर) फिरवून ती कमी करता येते, पण तिरकं उभं राहिलं तरच.

हीच अडचण काचेची. तावदानावरचं प्रतिबिंब पोलरायझर सर्वांत चांगलं कापतो ते काचेच्या पृष्ठभागाशी साधारण 35 अंशांचा कोन करून बघितलं तर. समोरून, काटकोनात बघितलं तर तो जवळपास निरुपयोगी ठरतो आणि वर दीड-दोन स्टॉप उजेड खातो. आपल्याला तर फोटो समोरूनच हवा. मग दोन मीटर काळं कापड घ्यावं, लेन्सपुरतं भोक पाडावं आणि कॅमेऱ्यामागे दोघांनी ते ताणून धरावं. काचेत दिसतो तो आपल्याच मागचा उजेड. मागे काळं असलं की काच गप्प होते. प्रतिबिंबच टिपायचं असेल, उदाहरणार्थ कॅम्पातल्या बंगल्याच्या तावदानात दिसणारा गुलमोहर, तर फोकसचं भान ठेवावं. काच 10 फुटांवर आणि झाड काचेपासून 50 फुटांवर असेल, तर प्रतिबिंबातल्या झाडाचं अंतर कॅमेऱ्याला 60 फूट लागतं. चौकट आणि झाड दोन्ही स्पष्ट हवे असतील तर लेन्सचं छिद्र लहान करत एफ 11 पर्यंत जावं. जुनी तावदानं अगदी सपाट नसतात. त्यांत समोरच्या विजेच्या तारा लहरत दिसतात. अशी लहर दिसली तर ती काच बहुधा जुनी आहे, हे फोटोतूनच कळतं. ती घालवू नये.

आतून बाहेर काढताना फसवणूक मोबाइलच करतो. खोली अंधारी, बाहेर लख्ख ऊन. फोन आपणहून तीन-चार चित्रं जुळवतो आणि गजांभोवती पांढरट वलय सोडतो. ती सोय बंद करता येत असेल तर करावी. लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा असेल तर बाहेरचा उजेड पसरून बारीक गज निम्मे गिळतो, तेव्हा आधी लेन्स पुसावी. कॅमेरा असेल तर ट्रायपॉडवर आयएसओ 100, एफ 8 कायम ठेवून शटर तेवढं बदलावं: समजा 1/500, 1/60 आणि 1/8 सेकंद. पहिल्यात बाहेरचं दृश्य, तिसऱ्यात कोनाडा, भिंत आणि झडपेची मागची बाजू. ही तीन चित्रं जोडायलाच हवीत असं नाही. नोंद म्हणून तिन्ही वेगळी ठेवली तर जास्त उपयोगी, शिवाय पडदा हलल्याने होणारी भुतं टळतात. डासांची जाळी असेल तर ऑटोफोकस जाळीवरच अडकतो, आणि जाळीचे व सेन्सरचे चौकोन एकमेकांवर येऊन लाटांसारखे पट्टे उमटतात. फोकस हाताने करावा आणि दोन पावलं पुढे-मागे सरकावं. अंतर बदललं की पट्टे बहुतेक वेळा जातात.

छायाचित्रणाचे एक आद्य संशोधक विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट यांनी ऑगस्ट 1835 मध्ये इंग्लंडातल्या लॅकॉक ॲबीमधल्या आपल्या घरातली जाळीदार खिडकी टिपली. आज उपलब्ध असलेली ती सर्वांत जुनी निगेटिव्ह. आकाराने टिचभरही नाही. पण त्यांनी तिच्याजवळ लिहून ठेवलं, की भिंगातून बघितलं तर काचेचे चौकोन मोजता येत होते, सुमारे 200. खिडकीच्या फोटोची ही कसोटी आजही पुरेशी आहे. आताच्या मोबाइलमधल्या फोटोतून आठ गज मोजता येत नसतील तर दोष यंत्राचा नाही.

एका खिडकीचे किमान तीन फोटो घ्यावेत. पहिला सगळ्या दर्शनी भिंतीचा, खिडकी कुठे बसते ते कळण्यासाठी. दुसरा समोरून, चौकटीच्या चारी बाजूंना हातभर भिंत ठेवून. कारण जुन्या चौकटीचा उंबरा आणि माथा दोन्हीकडे भिंतीत घुसलेले असतात आणि ती टोकं गेली तर रचनाच कळत नाही. तिसरा जवळून, उभं-आडवं लाकूड जिथे भेटतं त्या कोपऱ्याचा, शेजारी सहा इंची पट्टी ठेवून. पट्टी लाकडाला टेकलेली हवी. पुढे हातात धरली तर माप चुकतं. त्या कोपऱ्यात लाकडी खुंटी ठोकलेली आहे की खिळा, यावरून सुताराला बरंच काही कळतं. झडप उघडी आणि बंद, असे दोन्ही घेतले तर उत्तमच.

सराव करायला दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्याचा लाकडी दर्शनी भाग आहे. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कोरीव दारं-खिडक्याही आहेत. संग्रहालयातली चौकट भिंतीतून सुटलेली असते, मागून उजेड येत नाही, त्यामुळे तिथे नक्षी शिकावी. खिडकी शिकायला रस्त्यावरच जावं लागतं. फ्लॅशचे आणि फोटोचे नियम आधी विचारावेत. राहत्या घराच्या खिडकीत माणूस दिसत असेल तर हाक मारून परवानगी घ्यावी. पेठेत नाही म्हणणारे भेटतात, पण ‘वर या, आतूनही काढा’ म्हणणारेही भेटतात.

आता आपल्याकडे दोन मागण्या. वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते. काळपट सागवान स्क्रीनवर ठीक दिसलं तरी छापून सपाट काळं होतं. छपाईआधी सावल्या थोड्या उघडाव्यात. आणि मांडणीत जागा कमी पडली तर फोटो लहान करावा, चौकटीची कड कापू नये. फोटोखाली ‘जुन्या पुण्याची आठवण’ असं लिहिण्याऐवजी पेठ, भिंतीची दिशा, मजला आणि महिना एवढं छापावं. घर क्रमांक नको, आत माणसं राहतात.

वाचकांना एक सूचना आपणच द्यावी: फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो लहान होतो आणि तारखेची नोंदही जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. सहा इंच रुंद छापायचा तर किमान 1200 पिक्सेल रुंदी लागते. मूळ फाइलमध्ये ठिकाणाची नोंद असू शकते, ती छापण्याआधी काढून टाकावी.

कळावे,
काही हौशी छायाचित्रकार,
नारायण पेठ, पुणे